साडूंचा प्रोसेसर

एखादं काम न करण्यासाठी माणसाला किती अफाट ज्ञान मिळवावं लागतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने नाशकात यावं आणि माझ्या साडूंना भेटावं. पाटबंधारे खात्यातली नोकरी हा त्यांचा जोडधंदा. मूळ व्यवसाय घरच्या कार्यांचं व्हिडिओ शूटिंग. बारसं असो, मुंज असो की नुसता नवा फ्रिज आलेला असो, साडू कॅमेरा घेऊन हजर. नवरदेवाच्या आधी बोहल्यावर चढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे सगळं शूटिंग त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जातं आणि तिथेच मुरतं. लोणचं मुरलं की निदान पानात येतं. साडूंची फिल्म तेवढंही करत नाही.

कारण एकच, प्रोसेसर. "एडिटिंगला हा पुरत नाही हो," असं ते घरातल्या आजारी माणसाविषयी बोलावं तसं हळू आवाजात सांगत. तो बदलावा की नाही, यावर त्यांचं सात वर्षं चिंतन चाललं होतं. प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्ड बदलला की रॅम, आणि तेवढ्यात याहून चांगला प्रोसेसर दिवाळीत येणार अशी बातमी येते. मग थांबणंच शहाणपणाचं! महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानदाराने त्यांना भाबडेपणाने विचारलं, "साहेब, आजपर्यंत एडिट किती केलंय?" साडू त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. मे महिन्यात घरातला टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे तोंड करून फिरे आणि माझी मेहुणी पदराने वारा घेई. एकदा मी तो फॅन माझ्याकडे वळवला, तर साडू किंचाळले, "अहो, तुम्हाला नुसता घाम येतो, तो हँग होतो!"

आमचे सासरे, म्हणजे मामा, देवळ्याचे, कांद्याचे शेतकरी. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा साडूंनी दिवसभर शूटिंग केलं. त्यानंतर आम्ही गेलो की मामा विचारत, "जावईबापू, आमची फिल्लम झाली का?"

"प्रोसेसर बदलला की लगेच, मामा."

मामांना वाटे, प्रोसेसर हा कुणी सरकारी साहेब असणार. दर खेपेला हळहळत म्हणत, "त्याची बदली व्हत नाय का अजून?"

मी हा किस्सा चार लोकांत रंगवून सांगत असे. साडूंच्या समोरसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. दहाव्या-तेराव्याला आम्ही देवळ्यात होतो, नंतरही दोनदा जाऊन आलो. मामांनी फिल्मविषयी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या खेपेला परतताना वणीजवळ साडू म्हणाले, "मामांनी विचारलं नाही." त्याच आठवड्यात त्यांनी प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सगळं एकदम आणलं. दिवाळीत काय येणार याची चौकशीही केली नाही.

महिन्याने पेनड्राइव्ह घेऊन आम्ही देवळ्याला गेलो. साडूंनी तो टीव्हीला लावला. ना शीर्षक, ना संगीत, ना पाकळ्यांची उधळण. मामी तांदूळ निवडतायत, मामी कुणाला तरी रागावतायत, मामींची नुसती पाठ. अर्ध्या तासाने मी कुजबुजलो, "किती वेळाची आहे?"

"चार तास दहा मिनिटं."

"म्हणजे काहीच कापलं नाही? यासाठी नवा प्रोसेसर?"

"कापायलाच बसलो होतो हो," साडू पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "जिथे कापायला जावं तिथे मामी. कुठे कापू?"

मामा लोडाला टेकून बघत होते. मध्येच हसून म्हणाले, "लय बोलायची!" आणि टॉवेलने तोंड पुसत राहिले. फिल्ममध्ये आम्ही सगळे होतो. मीही होतो, तोंडात जिलबी घेऊन साडूंची टिंगल करताना. साडू मात्र कुठेच नव्हते. कॅमेऱ्याच्या मागून त्यांचा आवाज तेवढा येई, "मामी, जरा इकडे बघा."

मी खिशातून फोन काढला आणि मामांच्या शेजारी बसलेल्या साडूंवर धरला. त्यांना ते कळायला वेळ लागला. डोळे पुसायचे सोडून, मान न वळवता ते म्हणाले, "आडवा धरा."