वहिनीचा डावा अंगठा

माझी वहिनी नसांच्या आणि स्नायूंच्या आजारांवर संशोधन करते. घरात तिला आम्ही शॉकवाली म्हणतो. आजारी नस ओळखायची तर आधी धडधाकट नस मोजावी लागते, आणि धडधाकट माणसं फुकटात मिळण्याचं हक्काचं ठिकाण म्हणजे सासर. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिने आई-बाबांना, दोन्ही काकांना आणि एका बेसावध मावसभावाला खुर्चीत बसवून मनगटावर विजेचे झटके दिले. दादाचं तर विचारूच नका. एकटी मीच काय ती कधी तिच्या तावडीत सापडले नाही. विजेचं नाव काढलं तरी माझी गाळण उडते, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

तिची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर आहे. एक खाट, एक मशीन, आणि रुग्णांचे हात गरम ठेवायला एक हीटर, कारण गार हाताची नस आळशी चालते म्हणे. रोज सकाळी पहिला झटका वहिनी स्वतःच्याच डाव्या मनगटावर घ्यायची. अंगठा टुणकन उडायचा, स्क्रीनवर उंच लाट उठायची, की मशीन ठीक. तिच्या अंगठ्यावर त्या खोलीचा सगळा कारभार चालायचा.

गेल्या वर्षी ती लाट बुटकी आणि उशिरा यायला लागली. वहिनीने मशीनला नावं ठेवली. वायरी बदलल्या, हीटरवर आळ घेतला, मेकॅनिकला बोलावलं, मग दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. आणि एक दिवस मला फोन केला.

"रुग्णालयात ये जरा. मला एक हात हवाय."

मी नेहमीसारखी सबब सांगणार होते, पण तिच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. मी गेले. झटका बसला, माझ्या तोंडून एक शिवी गेली आणि स्क्रीनवर देखणी लाट उठली.

म्हणजे मशीन ठीक होतं. वहिनी हसली नाही. तिने दोन्ही तळवे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डाव्या अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाला होता.

"हे कशाने होतं गं?" मी विचारलं.

"दोन-तीन गोष्टींनी."

त्यातली एक मला ठाऊक होती. जेवताना इतकी वर्षं तिच्याकडून तेच ऐकत आले होते. स्नायू एकेक करून सुकत जातात, आणि ते थांबवणारं औषध नाही. त्याच आजारापायी तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. मला इतकी भीती वाटली की मी तिचा हात धरून बसले.

तेवढ्यात तिची शिष्या आली. चांगली डॉक्टर आहे, पण वहिनीसमोर मांजर होते. तिने हात पाहिला, घसा खाकरला.

"मॅडम, बोटांना मुंग्या येतात?"

"नाही."

शिष्येने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रुग्ण धडधडीत खोटं बोलतात, घरच्यांना विचारत जा, हे तिला वहिनीनेच शिकवलं होतं.

"येतात की!" मी म्हणाले. "रोज सकाळी हात झटकत झटकत चहा करते. आम्ही तिची नक्कलसुद्धा करतो."

"ते थंडीमुळे," वहिनी म्हणाली.

"भर उन्हाळ्यात?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, नको ते बोलून बसले. पण तिचे डोळे भरून आले आणि ती हसायलाच लागली. त्या वाईट आजारात मुंग्या येत नाहीत, हे मला शिष्येने समजावलं. मुंग्या येतात त्या मनगटात नस दबल्यावर, आणि ती मोकळी करायला छोटंसं ऑपरेशन पुरतं.

तरी खात्रीसाठी खांद्यात, पोटरीत सुया टोचून झाल्या. "तिरकी धरलीस, सरळ धर," असं वहिनी प्रत्येक सुईला ओरडत होती. बाकीचे सगळे स्नायू ठणठणीत निघाले.

मग दादाने माहिती पुरवली की ती डावा हात मनगटात दुमडून गालाखाली घेऊन झोपते. जन्मभर लोकांच्या नसा तपासल्या आणि बाई स्वतःची नस उशाला घेऊन झोपली.

"हात झटकते हे कधीपासून बघतेयस तू?" घरी येताना तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू डॉक्टर आहेस. तुला कळत असेल."

ऑपरेशन झालं. मशीन तपासण्याच्या कामातून तिचा अंगठा बाद झाला आणि त्या जागी माझी नेमणूक झाली, मला न विचारता. दर सोमवारी सकाळी मी त्या टेबलावर हात ठेवते, डोळे घट्ट मिटते आणि शिवी हासडते.

"छान," ती स्क्रीनकडे बघत म्हणते.

मी डोळे उघडते आणि आधी तिचा डावा हात बघते. अंगठ्याखाली हळूहळू मांस भरतंय.