चेहरा आतल्या बाजूला

निवडणूक संपली की रस्त्यावरचे ते हात जोडलेले चेहरे जातात कुठे, कधी विचार केलाय का तुम्ही?

आमच्याकडे येतात. डहाणूहून तलासरीकडे जाताना आमचा पाडा लागतो. तिथे माझ्या ओटीवर दोन शिलाई मशीन आहेत आणि कोपऱ्यात फ्लेक्सच्या गुंडाळ्या उभ्या असतात. आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी त्यांच्या पिशव्या शिवतो, छपरावर टाकायला मोठे तुकडे जोडतो, मोटरसायकलच्या सीटला कव्हर करतो. फ्लेक्स साचतात तसे किस्सेही साचतात. हसण्यासारखे बरेच आहेत, पण सांगायला बसले की मी शेवटी रामीपाशीच येऊन थांबते. म्हणून तिचं आधीच सांगून ठेवते.

रामी आमच्या चौघींत सगळ्यात लहान. तिचा नवरा काकड. तो ग्रामपंचायतीला उभा राहिला, कपबशी निशाणी घेऊन, आणि पडला. त्याच पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना त्याला ताप आला आणि पाचव्या दिवशी तो गेला. यंदा वैशाखात त्यांच्या मुलीचं, संगीताचं लग्न ठरलं. संगीता म्हणाली, "बाबांचा फोटो नसेल तर मी मांडवात बसणार नाही."

फोटो आणायचा कुठून? काकडचा मोबाइल लावणीच्या चिखलात गेला होता. आधार कार्डावर तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो. आयुष्यात धड फोटो काढला तो एकदाच, तलासरीच्या स्टुडिओत, फ्लेक्ससाठी. दुसऱ्याचा शर्ट घालून. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटर बदलला, त्यात तोही गेला. उरले फ्लेक्स.

आणि फ्लेक्स आम्ही कापले होते. मीच कापले होते, माझ्या कात्रीने.

*

आमचा एक नियम आहे. चेहरा आतल्या बाजूला. पिशवी शिवताना पाठची कोरी बाजू बाहेर ठेवायची, चेहरा आत. पहिल्यापासून असं नव्हतं. दुसरं मशीन जशूबेन चालवते. घरात गुजराती बोलते, ओटीवर मराठी. तिने पहिल्या पिशव्या चेहरे बाहेर ठेवून शिवल्या आणि घोलवडला घेऊन गेली. चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या एका बाईने पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"हा हसणारा नको, बेन. मागच्या वेळी हसून गेला तो पाच वर्षं दिसला नाही. माझे चिकू घेऊन जाईल!"

त्या दिवसापासून सगळे आत!

*

चौथी शेवंती, नरपडची. ती वाळूवर फ्लेक्स अंथरून जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवते. एकदा चेहरा वर राहिला, आणि नेमका तोच पडलेला उमेदवार सकाळी किनाऱ्यावर फिरायला आला. आधी गाड्या घेऊन फिरायचा, आता एकटाच होता. उभा राहून स्वतःकडे बघत राहिला.

"बाई, माझ्या तोंडावर जवळा?"

शेवंतीची जीभ म्हणजे कोयता! म्हणाली, "भाऊ, मतं पडली नाहीत, जवळा तरी पडू दे!"

तो हसला. मग खाली बसला आणि बोटाने दोन्ही डोळ्यांवरचा जवळा हळूच बाजूला केला. "डोळे तेवढे मोकळे ठेव गं," म्हणाला आणि उठून गेला.

हे सांगताना शेवंती आता हसत नाही. तीही उलटाच अंथरते.

*

आमच्या पाड्यातला लहानूदादा छपरावर टाकायला मोठा तुकडा मागायला आला. एवढा मोठा एक फ्लेक्स नव्हता, म्हणून मी दोन विरोधी उमेदवारांचे फ्लेक्स जोडून दिले. जाड सुई, नायलॉनचा दोरा, दुहेरी शिलाई. पहिल्याच पावसात बरोबर शिलाईतून पाणी! मी पुन्हा शिवला. पुन्हा गळला. तिसऱ्यांदा मशीनला सुई लावत होते, तेव्हा लहानूदादा म्हणाला, "राहू दे ताई. यांना कितीही जोड, आपल्या घरात गळणारच!"

त्याने शिलाईखाली टोप ठेवला. तो टोप अजून तिथेच आहे.

*

काकडने स्वतःचे फ्लेक्स स्वतःच आणून दिले होते. निकाल लागून दोन दिवस झाले होते. पाठीवर गुंडाळी घेऊन आला आणि ओटीवर टाकली. मागून रामी तणतणत आली.

"कापून टाक मालूताई, सगळे काप. तोंड दिसायला नको मला! पाडाभर चहा पाजत फिरला, निशाणी कपबशी म्हणून!"

काकड हसत होता. त्याने फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं, ताणून, म्हणजे माझी कात्री सरळ जावी. कात्री चेहऱ्यापाशी आली तशी मी थांबले.

"काप ना," म्हणाला. "नाक जरा जपून. निकालाच्या दिवशी एकदा कापून झालंय!"

आम्ही हसून हसून बेजार. रामीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मग तो म्हणाला, "पिशव्या चांगल्या कर ताई. माणसं माझ्याकडे आली नाहीत, आता मी त्यांच्याबरोबर बाजारात जातो!"

दहा फ्लेक्स छापले होते. आमच्याकडे नऊ आले. एखादा वाऱ्याने गेला असेल, असं तेव्हा वाटलं.

*

काकड गेला त्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. त्याला अंगणात ठेवलं होतं. त्याची म्हातारी आई शेजारी बसून पदराने त्याचं तोंड पुसत होती. पुसलं की पुन्हा ओलं. "पाऊस लागतोय त्याला," एवढंच म्हणत होती. तिला ऐकू कमी येतं, दिसतंही जेमतेम, पण पाऊस तिला कळत होता.

आमच्या स्मशानात शेड नाही. लाकडं पेटेपर्यंत वर धरायला काहीतरी हवं, म्हणून माणसं माझ्या ओटीवरून हाताला लागला तो फ्लेक्स घेऊन गेली. चौघांनी चार टोकं धरली, तेव्हा कळलं की तो त्याला हरवणाऱ्याचा आहे. लहानूदादा वर बघून म्हणाला, "हरलेल्याला जिंकलेल्याने छत्री धरली."

कुणी हसलं नाही. फ्लेक्स कुणी बदललाही नाही.

*

तर लग्न ठरल्यावर आम्ही काकडला शोधायला निघालो. चेहरे सगळे पिशव्यांच्या आत! आठवडी बाजारात ओळखीची बाई दिसली की शेवंती तिला अडवायची, "बाय, पिशवी उलटी कर जरा!" भाजी, सुकट, तेलाची बाटली सगळं रस्त्यावर काढून बायका पिशवी उलटी करून दाखवायच्या. कशासाठी ते कळलं की कुणी कुरकुर करत नव्हतं. काहींनी पिशव्या तिथेच देऊन टाकल्या.

अंगणवाडीच्या बाईंकडे एक डोळा आणि कान मिळाला. एका मोटरसायकलच्या सीटखाली मिशी निघाली. बकऱ्यांच्या गोठ्याला लावलेल्या तुकड्यात जोडलेले हात मिळाले, दोन्ही, पूर्ण. सगळं माझ्या ओटीवर मांडलं. पण फ्लेक्स वेगवेगळ्या मापाचे होते. जशूबेनने तुकडे जुळवून पाहिले तर एक डोळा थाळीएवढा आणि दुसरा लिंबाएवढा. तिने मशीनवर हात ठेवले आणि रडायलाच लागली.

"मालू, आपण काय करून बसलो गं?"

कात्री समोरच पडली होती.

संगीता बघत उभी होती. मग वाकून तिने हातांचा तुकडा उचलला. बकऱ्यांचा वास येत होता. तिने तो पदराने पुसला.

"मावशी, एवढे हात द्या. हात तरी बाबांचेच आहेत."

*

लग्नाच्या आदल्या दिवशी रामीच्या घराच्या भिंती शेणाने सारवायच्या होत्या. पश्चिमेची कुडाची भिंत पावसाच्या तोंडावर आहे, तिला बाहेरून एक फ्लेक्स ठोकलेला होता, कोरी बाजू बाहेर, उन्हाने पांढरी पडलेली. पावसाळा संपल्यावर रामी काढायला गेली होती, तर म्हातारीने काढू दिला नव्हता. "राहू दे. वारा येतो." पाड्यातल्या निम्म्या घरांना असे फ्लेक्स आहेत. कुणी लक्ष दिलं नव्हतं.

सारवायचं तर काढावाच लागणार. मी पक्कड घेऊन खिळे उपटले. वरचे दोन निघाले तसा फ्लेक्स आपोआप खाली वळला.

आत काकड होता. पूर्ण, हसणारा. गालांवर कुडाच्या काठ्यांचे वळ उमटले होते, खालची कपबशी वाळवीने खाल्ली होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

रामी शेणाच्या हातांनी तशीच खाली बसली. आम्ही सगळा बाजार पालथा घातला होता, घरातल्या म्हातारीला कुणी विचारलंच नव्हतं.

रामी तिच्या कानाशी ओरडली, "आय, हा कधी लावलात?"

"मी कुठे? त्यानेच लावला, पावसाच्या आधी. मी फक्त म्हटलं, तोंड आत कर."

"का?"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं, हे काय विचारणं झालं म्हणून!

"पावसात उभा करू त्याला?"

लग्नात काकड मांडवात दोन बांबूंना बांधलेला होता. संगीता त्याच्यासमोर बसली. जाताना तिने हातांचा तुकडा घडी करून बरोबर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीने खिळे मागितले. पावसाला अजून महिना होता. रामीने फ्लेक्स त्याच भिंतीला पुन्हा ठोकला, चेहरा आतल्या बाजूला.