थिजला न्हाय तो खरवस

पोरीच्या तोंडात फोड आलते. ताप उतरला, पण फोड ऱ्हायले, आन् काय बी तोंडाला लावलं की रडायची. पाणी न्हाय, दूध न्हाय, भाताची पेज न्हाय. दोन वर्साची पोर, मांडीवर नुसती पडून. टिळकवाडीच्या डॉक्टरनी सकाळी इचारलं, "शू कधी केली हिनं?" मला आठवंचना. मग म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, शू झाली नाही, तर घेऊन या. ॲडमिट करून सलाईन लावू." तेवढ्याशा हातात सुई कुठं टोचणार, रिक्षात बसून माझ्या डोळ्यापुढं तेच. आमचं मालक संकेश्वरला साखर कारखान्यात, हंगाम चाललेला, फोन उचलंनात.

हिंडलग्यात आमी भाड्यानं ऱ्हातो. भिंतीपल्याड एक आक्का हायत, त्यांची म्हस व्यालती. रिक्षातनं उतरले तर आक्का तांब्या घेऊन दारातच.

"चीक हाय गं. खरवस कर, गार करून घाल पोरीला, गार झोंबत न्हाय. आन् बघ, उतू घालू नको, करपवू नको. म्हशीच्या सडाला चिरा पडत्यात."

म्हंजे आता म्हशीचं बी माझ्याच डोक्यावर.

आईला फोन लावला. आई म्हणाली, "तापातनं उठलेल्या लेकराला चीक? जड पडंल गं. वर जुलाब लागले म्हंजे?"

"मग काय घालू?"

"आता मी हितनं काय सांगू? लई पातळ कर, हलका कर."

म्हणून चिकात दुधाची आख्खी पिशवी ओतली. गूळ किसून घातला. वेलदोडा झोंबंल म्हणून घातलाच न्हाय. डबा कुकरात ठेवला, शिट्टी काढली, आन् पोरीला कडंवर घेऊन गॅसम्होरं हुबी ऱ्हायले. वाफ सुटली की वाटायचं उतू आलं, गॅस बारीक करायची. बारीक केला की वाटायचं शिजंना, परत मोठा. पोर रडत बी नव्हती, त्येचंच जास्त भ्या वाटायलं. मधी मधी तिच्या नाकाम्होरं बोट धरून बघत हुते.

डबा काढला, गार पाण्यात ठेवला. जरा वेळानं तिरका केला तर वर नुसती साय, खाली सगळं हालायलं. थिजलाच न्हाय.

तेवढ्यात आक्का तांब्या न्यायला आल्या. डब्यात डोकावून म्हणाल्या, "मी चीक दिलता का ताक?"

"हलका व्हावा म्हणून सगळी पिशवी ओतली, आक्का."

"आधी वाटीत जरासा लावून बघायचा न्हाय व्हय? वाटीतला थिजला की मग बाकीचा लावायचा."

मला रडूच फुटलं. दुसरं काय करायचं, आन् वेळ तरी कुठं हुता. तरी वाटीत घेतला आन् चमचा तोंडाशी नेला. पोरीनं मान फिरवली.

"चमचा ठेव तिकडं," आक्का म्हणाल्या. "चमच्याला भ्यालीया ती. तुझ्यावानीच हाय." आन् पोरीचंच बोट धरून वाटीत बुडवलं, सोडून दिलं.

पोरीनं बोट बघितलं. चाटलं. तोंड वाकडं केलं, मला वाटलं आता रडतीया. तर परत बोट घातलं. मग अख्खी मूठ. मी वाटीच तिच्या ओठाला लावली, तर घुटक्या-घुटक्यानं प्यायला लागली, पातळच हुता नव्हं.

वाटी सपली. आता जुलाबाचं भ्या. किती तरी वेळ तिच्या पोटावर हात ठेवून बसले. आक्का बसल्या हुत्या, म्हशीचं, रेडकाचं कायबाय बोलत. मला काय ऐकू येईना.

मग त्या उठल्या. "जाते गं, धार काढायची हाय. तांब्या धुवू नको, आन् रिकामा देऊ नको. गुळाचा खडा टाक."

पोरीला कडंवर घेऊन मी गुळाच्या डब्याला हात घातला, तर कमरंला गरम गरम लागलं.

"अगं, गाऊन भिजला की तुझा," आक्का म्हणाल्या.

"भिजू दे," मी म्हणाले, आन् तशीच हुबी ऱ्हायले. गूळ हातातच ऱ्हायला.