सध्या एकही खोली शिल्लक नाही

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. वळणावर उभी असलेली बाई, मागून आलेली हाक, बंद खोलीतला पाळणा... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली. नवस नाही, अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही. त्यामुळे आपणच एक दिवस असलं काहीतरी लिहायला बसू, याचा मला आधी रागच येतोय. पण जे झालं ते दिवसाढवळ्या, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ऑफिसात, चार माणसांसमोर झालं. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे शेवटी वाद नको — ते मी केलेलं नाही.

मी जयसिंगपूरची. नवरा गेल्यावर शिवणकाम केलं, मग डेटा एंट्री, आणि चाळिशीच्या तोंडावर वेबसाइट बनवायचं शिकले. वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची. शिकले तरीही. शाहूपुरीतल्या त्या छोट्या ऑफिसात नोकरी लागली. मालकाला आम्ही अभय सर म्हणायचो. दुकानांच्या, हॉटेलांच्या साइट बनवायचा, पण त्याचा खरा जीव होता स्वतःच्या साइटवर — कोल्हापुरातल्या भाड्याच्या खोल्यांची साइट. आपण नाव आणि मोबाइल नंबर टाकायचा, बटण दाबायचं, की रिकाम्या खोल्या पत्त्यासकट समोर. घरमालक त्याच्याकडे नोंद करायचे, तो त्यांच्याकडे माणसं पाठवायचा.

आता माझी गरज सांगते. माझी मुलगी प्रज्ञा कोल्हापुरात नर्सिंगला. सकाळची ड्यूटी लवकर सुरू व्हायची आणि जयसिंगपूरहून पहिली एसटी धरूनही ती वेळेत पोचायची नाही. हजेरी इतकी घसरली की कॉलेजनं शेवटची ताकीद दिली होती — पुढच्या परीक्षेला बसू देणार नाही. दोघींसाठी कोल्हापुरात एक खोली, एवढंच हवं होतं. नोकरी लागायच्या आधीपासून मी त्याच साइटवर शोधत होते. नाव टाकायचं, बटण दाबायचं, उत्तर यायचं, ‘सध्या एकही खोली शिल्लक नाही.’ महिनोन्‌महिने. मी आपली समजूत काढायची, शहर मोठं झालंय, मुलं शिकायला येतात, भरतात खोल्या. नोकरीत आल्यावरही सरांकडे शब्द टाकला नाही. कुणाचे उपकार नकोत, असा माझा स्वभाव आहे. त्याचा आता स्वतःवरच संताप येतो.

एक दिवस सर मला म्हणाले, “ताई, जरा बघा की. आमच्या मावसभावाच्या पोराला खोल्याच दिसंनात. क्वेरी कुठंतरी अडकलीया.”

क्वेरी म्हणजे साइटनं डेटाबेसला, तिच्या माहितीच्या साठ्याला, विचारलेला प्रश्न. त्या मावसभावाचं आणि माझं आडनाव एकच. जात वेगळी. आडनाव इथं लिहीत नाही, कारण लिहिलं की तुम्हीही लगेच मनात आकडेमोड सुरू कराल, ही कुठली असेल, कुठल्या गल्लीतली असेल. मला ठाऊक आहे तुमची सवय.

मी नवशिकी, त्यामुळे शिकवलं होतं तसंच सरळ गेले. डेटाबेसशी जोडणी होतेय का? होतेय. चुकांचे संदेश दडवलेले असतात, ते दाखवायला लावले. एकही चूक नाही. तीच विचारणा थेट डेटाबेसमध्ये जाऊन केली — खोल्या धडाधड आल्या. मंगळवार पेठ, राजारामपुरी, कसबा बावडा, उचगाव. म्हणजे खोल्या होत्या! मग वेबसाइटच्या वर्गात शिक्षकांनी डोक्यात बसवलेली एक गोष्ट केली. काही कळेना झालं की क्वेरी पाठवायच्या आधी ती पडद्यावर छापायची. आपण काय विचारतोय असं आपल्याला वाटतं आणि खरंच काय विचारलं जातंय, यातला फरक तिथं दिसतो.

छापली. रिकाम्या खोल्या दाखव, इथवर ठीक. आणि शेपटीला एक अट चिकटलेली — ‘आणि एक बरोबर दोन.’ एक कधी दोन होत नाही, त्यामुळे उत्तर कायम शून्य. ही अट येते कुठून ते शोधत गेले, तर एका वेगळ्या फाइलमध्ये आडनावं. नुसती आडनावं, एकाखाली एक. तुम्ही नाव टाकलं, त्यातलं आडनाव या फाइलीत सापडलं, की एक बरोबर दोन. वरून चौथं माझं.

हातपाय गार पडले असं लिहितात ना या सदरात? माझे तापले. किती सकाळी माझी पोरगी एसटीच्या दांडीला लोंबकळत गेली होती! आणि हा माणूस रोज मला “ताई, जेवलात का?” विचारत होता.

मी लॅपटॉप तसाच उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. “हे काय आहे?”

त्यानं बघितलं. लाजला नाही. “आवं ताई, ते घरमालकांसाठी हाय. त्यास्नी दारात कटकट नको असतीया. मी काय मानत न्हाय असलं. तुमच्याबद्दल न्हवंच हे.”

“माझं आडनाव आहे त्यात.”

“तेच की! आमच्या भावाचं बी तेच हाय, म्हणून तर घोळ झालाय. तुम्ही असं करा, फॉर्ममध्ये मूळ गाव आणि गल्ली टाका. म्हंजे आपली माणसं अडकायची न्हाईत.”

माझ्याकडूनच! म्हणजे चाळणीची भोकं बारीक करून द्यायची, आणि तीही मीच. मी म्हटलं, “हात लावणार नाही.” आवाज इतका चढला होता की आतल्या टेबलावरची दीपाली — ती डिझाइन करायची — उठून आली. मी लॅपटॉप बंद केला आणि डबा घेऊन बाहेर गेले. परत शपथेवर सांगते, त्या फाइलीतलं एक अक्षर मी बदललं नाही. बदललं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. लपवायला मला काय पडलंय?

जेवून परत आले तर ऑफिसात आरडाओरडा. फोनवर फोन. कुणालाच खोल्या दिसेनात. सरांनी स्वतःचं नाव टाकलं, ‘सध्या एकही खोली शिल्लक नाही.’ दीपालीचं टाकलं, तेच. मग माझ्याकडे रागानं बघत त्यांनी माझं नाव टाकलं आणि लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. “दाबा.”

दाबलं. खोल्या आल्या. सगळ्या.

“काय केलंयसा ओ हे?” सर ओरडले. मी ओरडले त्याहून मोठ्यानं. मग त्यांनीच ती आडनावांची फाइल उडवली, अट उडवली, माझ्या डोळ्यांदेखत. काही फरक नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून त्यांचा मित्र आला, सलील. मोठ्या कंपनीत काम करणारा, शांत माणूस. त्यानं जुनं सगळं पुसून टाकलं आणि नवीन पान केलं. त्यात नाव विचारायची जागाच ठेवली नाही. एक बटण, ‘खोल्या दाखवा.’ क्वेरी एका ओळीची, अट नसलेली. नावच नाही म्हटल्यावर कोण कुठला ते कळणार कसं? तरी सरांनी दाबलं की शून्य, मी दाबलं की खोल्या. सलील म्हणाला फोनचा दोष असेल. मग दीपालीच्या फोनवर आळीपाळीनं बटण दाबायला लागलो. ती दाबायची, शून्य. मी दाबायचे, खोल्या. तोच फोन, तेच पान. सलील, शून्य. माझ्या फोनवर सर, शून्य. सलील तिकडे नोंदी बघत होता. डेटाबेसकडे प्रत्येक वेळी अगदी एकच प्रश्न जात होता आणि डेटाबेस प्रत्येक वेळी सगळ्या खोल्या देतही होता. मधल्या मधे काय होत होतं, त्याला सांगता येईना. त्यानं चष्मा काढून पुसला आणि नोंदी परत पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

तेवढ्यात कुरियरवाले मामा आले. वर्षानुवर्षं येणारा माणूस. पाकीट ठेवायचं, माठातलं पाणी प्यायचं, दोन शब्द बोलायचं. ग्लास हातात होता. सरांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, “मामा, जरा ह्ये बटण दाबा की.”

मामांनी दीपालीच्या फोनवर दाबलं. खोल्या आल्या.

मामा आमच्या तोंडांकडे बघायला लागले. “काय झालं? माझं काय चुकलं काय?” आणि सरांची नजर मामांच्या हातातल्या ग्लासावर गेली. क्षणभरच गेली. पण गेली. ‘मी काय मानत न्हाय असलं’ म्हणणाऱ्या माणसाची. मी ती बघितली, आणि मला वाटतं मामांनीही बघितली, कारण त्यांनी ग्लास तसाच अर्धा भरलेला खाली ठेवला आणि सही न घेताच जिना उतरले.

त्या वेळी मला पहिल्यांदा त्या जे-काही-होतं त्याचा राग आला. खोल्या द्यायच्या तर दे ना. माणसाला चारचौघांत असं उघडं का पाडतोस? हे मी मोठ्यानं म्हणाले. कुणाला म्हणाले, मला माहीत नाही. “बंद करा हा खेळ,” म्हणाले आणि दीपालीच्या फोनवर मामांनी बटण दाबल्यावर आलेली यादी तशीच उघडी होती, तिच्यातला कसबा बावड्याचा एक पत्ता बघून निघाले. वाटेत प्रज्ञाला कॉलेजमधून घेतलं.

घरमालकीण साठीच्या, त्यांना मी काकू म्हणू लागले. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, स्पष्ट. काकू म्हणाल्या, “व्हय व्हय, आमच्या पावण्यात बी हाईत त्या आडनावाचे. साइटवरनं आलायसा न्हवं? मग काय इचारायचं. अभय बघूनच पाठवतोय.”

कळलं का तुम्हाला? साइटवरून आलेला माणूस आधीच चाळून आलेला, ही त्यांची खात्री. म्हणून दारात गाव नाही, गल्ली नाही, काही नाही. ज्या चाळणीनं मला बाहेर ठेवलं, तिच्याच भरवशावर मला किल्ली मिळाली. त्या दिवसांत आणखी कुणाकुणाला अशा किल्ल्या मिळाल्या असतील, मला माहीत नाही. मिळाल्या असोत.

सामान लावताना प्रज्ञानं आधी खिळा ठोकला आणि बाबासाहेबांचा फोटो लावला. काकू चहाचे कप घेऊन वर आल्या. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे.

“अभयनं असं कसं केलं...”

“कसं, काकू?”

“न्हाय... कायबी न्हाय. चा घ्या. मी येतो.” कप उंबऱ्यावर ठेवून त्या खाली गेल्या. आम्ही दोघी चहा निवेपर्यंत तिथंच उभ्या होतो, बोलावणं येईल म्हणून. आलं नाही. खोली खाली करा असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत. बरेच दिवस बोलल्याच नाहीत. आता प्रज्ञाकडून बीपी मोजून घेतात, आपणहून हात पुढे करतात. लोक मला म्हणतात, बघ, माणसं बदलतात. मला त्याचं काही कौतुक नाही. आमच्या पोरीचा उपयोग आहे म्हणून हात पुढे आला. उपयोग नसता तर?

मला अभय सरांनी काढलं, ते ओघानं आलंच. आता उचगावला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. साइट त्यांनी बंद केली. सलीलला मी नंतर फोन केला होता. तो म्हणाला, “ताई, तुम्ही केलेलं नाही एवढं मला माहीत आहे. असं करताच येत नाही. पुढचं विचारू नका.” बाकी कुणाचा विश्वास नाही. माझा भाऊ अजून पावण्यारावळ्यांत सांगतो, “आमच्या ताईनं कसला हिसका दाखवला त्येला!” मी म्हणते, अरे मी नाही केलं. तो डोळे मिचकावतो. “व्हय व्हय, न्हाय केलंस.”

प्रज्ञाची हजेरी भरली. चालत जाते कॉलेजला. परीक्षेला बसली, पास झाली.

कधीतरी मी त्या साइटचा जुना पत्ता टाकून बघते. कोरं पान येतं. मी बराच वेळ बघत बसते. तुमच्यातल्या कुणाला यातलं कळत असेल तर जरूर लिहा — ब्राउझरची कॅश, सर्व्हर, व्हायरस — मी सगळं वाचेन, सगळं सलीलनं तपासलंय. मला लोक विचारतात, भीती नाही वाटली? नाही. एवढी शिकले, नोकरी केली, कधी कुणाचं भाडं थकवलं नाही, पोरीला एकटीनं वाढवलं, यातल्या कशाकशानं ते दार उघडलं नाही. माझ्यासारखीला राहायला एक खोली मिळावी म्हणून भूत यावं लागलं. मला त्या भुताची भीती नाही वाटत. तुमचा राग येतो.