दादाने भरलेली बाटली

दादा गेला त्या सकाळची बाटली कोणी भरली? शेडचे बोपचे साहेब, ड्रायव्हर रामलाल, सगळ्यांना विचारलं.

आमच्या विमानतळाच्या तेल-शेडमध्ये किस्से असे साचतात, जसं टँकरच्या तळाशी पाणी. रोज काढा, रोज थोडे असतातच! मी सातवीत शाळा सोडलेला, शेडमध्ये वरकामाला होतो. आठवतील तसे सांगतो.

*

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ मोरेश्वर, विमानात तेल भरायचा. पहिल्या विमानाआधी टँकरच्या खालच्या नळातून बाटलीभर नमुना काढायचा, तेलात पाणी नाही ना ते बघायचा, बाटलीवरच्या चिठ्ठीवर वेळ लिहून सही करायचा आणि ती फळीवर ठेवायचा. बाकीचे शेरा इंग्रजीत लिहीत. दादा लिहायचा, "साफ".

साहेब ओरडायचे. दादा म्हणे, "साहेब, इंग्रजीत लिवलं तं पानी भेते का?"

*

एकदा मी विचारलं, "तेलाचे पैसे कॅप्टन खिशातून देते का गा?"

दादा हसला. "तो फक्त सही करते. पैसे त्याची कंपनी दूर बसून भरते. सही नसली तं तेल हवेत गेलं!"

*

एक विमान रोज यायचं, पण तेल घ्यायचं नाही. त्यांची कंपनी जिथं तेल स्वस्त, तिथंच येण्याजाण्याचं भरून पाठवायची. रामलाल म्हणे, "मेहमान डब्बा लेके आया!"

तरी दादा पाईप धरून विमानाजवळ उभा.

"काऊन उभा राहून राहिला गा?" मी विचारलं.

"एखाद्या दिवशी पाहुणा उपाशी आला तं?"

खरं म्हणजे त्याला विमान जवळून बघायचं असायचं. जन्मात एकदाही आत बसला नव्हता.

*

टँकरचं झाकण उघडण्याआधी दादा त्यावर दोनदा ठोकायचा.

"अंदर कौन है, तेरा ससुर?" रामलाल चिडवायचा.

"आत कोनी असलं तं सांगून उघडावं!"

*

त्या सकाळी पावणेसहाला आमगाव रोडवर दादाला ट्रकने उडवलं. तो शेडपर्यंत पोचलाच नव्हता. फळीवर मात्र भरलेली बाटली होती. चिठ्ठीवर वेळ सहा. खाली दादाची सही. "साफ."

"कालची असंल," साहेब म्हणाले.

कालची बाजूलाच ठेवलेली होती!

*

दादाच्या जागी मला घेतलं. जुने नमुने काही दिवसांनी ओतून टाकायचे असतात, पण त्या बाटलीला कोणी हात लावेना.

परवा दुपारी तेच पाहुणं विमान उतरलं. पुढे हवामान खराब होतं, म्हणून कॅप्टनने पहिल्यांदाच आमचं तेल मागितलं. रामलालने टँकर विमानाजवळ लावला, पाईप ओढून हातात घेतला.

मी दादाची बाटली उन्हात धरली. इतक्या दिवसांनीही तळाला एक थेंब पाणी नव्हतं. ती घेऊन टँकरच्या शिडीवर चढलो.

"अरे छोटू, क्या कर रहा है!"

मी झाकणावर दोनदा ठोकलं.

आतून दोनदा उत्तर आलं.

रामलालच्या हातातला पाईप गळून पडला. मी झाकण उघडलं, "जा दादा, बस विमानात," म्हणत बाटली आत ओतली. खाली उतरलो, पाईप उचलला आणि विमानाला लावला.