वारा पाठीवर असताना

१९५५, कार्तिकातला शनिवार, सकाळ. चिंचवडच्या मळ्यातलं आमचं खळं. हजर: वावडीवर, म्हणजे उफणायच्या उंच तिवईवर, दादा, त्याला खालून बाजरीच्या पाट्या देणारा मी, आणि रास झाडणारी वहिनी.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या फ्लाइंग क्लबात मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. ते दिल्याशिवाय तिथले विमान शिकवणारे मास्तर मला एकट्याला विमान नेऊ देणार नव्हते. पिंपरीच्या कारखान्यातून मिळणारी माझी प्रत्येक सुट्टी त्या एकट्याच्या फेरीसाठी चालली होती.

धावपट्टीभोवती फिरताना वारा पाठीवर आला, की मी इंजिन वाढवायचो. विमान नको तेवढं चढायचं. मास्तरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मागच्या वाऱ्याने पंखांना हवा कमी मिळते.

"वर गेल्यावर विमानाला वारा कळतच नाही," ते म्हणाले. "का, ते रविवारी तुम्ही मला सांगा."

मला तर वारा कळत होता. आमच्याकडे वावडीवर चढायचं ते वाऱ्याला पाठ देऊनच.

"दादा, पाठीला वारा लागतोय?"

"व्हय. म्हणून तर हितं उभा हाय."

"आणि भुसाला?"

दादाचा हात थांबला. "भुसाला इचार की. मला काय इचारतोस?"

"भावजी, आधी पाटी द्या वर," वहिनी म्हणाली. "इमान उद्या उडवा."

पाटी देऊन मी भुसाकडे बघत राहिलो. भूस वाऱ्याच्याच वेगाने चाललं होतं. मग त्याला वारा लागणार कुठून? विमानही तसंच वाऱ्याबरोबर वाहतं, शिवाय त्याचा स्वतःचा वेग वेगळा. क्षणभर सगळं उलगडलं. मग दादाकडे नजर गेली. जमिनीवर धावणाऱ्या विमानाला दादासारखा वारा लागतो. मग त्याचं भूस नेमकं होतं कधी? चाकं जमीन सोडतात तेव्हा? पुन्हा गोंधळ.

रविवारी मी मास्तरांना भुसाचं उदाहरण सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"बरोबर. आता समजा, वारा पाठीवर घेऊन उतरलात. विमानाला वारा कळत नाही, तर धावपट्टी कमी का पडते?"

मी आधी विमानाकडे बघितलं, मग जमिनीकडे. हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग एकाच वेळी डोक्यात बसेनात.

"मग आज मी बरोबर येतो," म्हणत मास्तर पुढच्या सीटवर चढले. एकट्याची फेरी राहिली.