तालमीपुरता मंजूर

"तुम्ही दाराबाहेर थांबा. बोलावलं की आत या आणि हात जोडा."

हे मला साताऱ्यात सांगितलं गेलं. भर हॉलमध्ये. सांगणारे साहेब आम्हाला शिकवायला आले होते आणि मी निवडून आलेली नगरसेविका होते.

लहान नगरपालिकांतल्या नव्या नगरसेवकांसाठी सरकारनं शिबिर ठेवलं होतं. सभा कशी चालते, ठराव कसा मांडायचा, प्रश्न कसा विचारायचा, हे शिकवणार होते. सातारा-सांगलीकडची गावोगावची माणसं आलेली. टोप्या, फेटे, कडक इस्त्रीचे सदरे. बायका बोटावर मोजण्याइतक्या. आमच्या गावातून तिघं गेलो. एक आमचे नगराध्यक्ष, उसाचे मोठे बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणायचे. दुसरे बाबालालभाई, शिलाईचं दुकान चालवायचे. तिसरी मी, राखीव जागेवरची. आम्ही बौद्ध झालो होतो. पण गावाच्या तोंडातला महारवाडा काही गेला नव्हता.

मी मोठ्या हौसेनं गेले होते. नवरा मिलिटरीत. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला होता, "आमाला बंदूक देत्यात तर आधी शिकवत्यात. तुला खुर्ची दिलीया. आता नीट शिकून घे." माझी सातवी झालेली. शिकायची मला भीती नव्हती.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं उठून आपलं नाव आणि आपल्या वॉर्डातली अडचण सांगायची होती. कुणी रस्ता सांगितला, कुणी दिवाबत्ती. मी उठले. आमच्या वस्तीत बायकांचा एकच संडास, त्याला दार नाही, पावसात एक भिंत पडली, असं सांगितलं. अंधार आहे तोवर बायका उसाच्या कडेला जातात. माझ्या चुलत जावेला तिथं राखणदारानं दगड मारून उठवलं, तिच्या पाठीला लागलं. शेत आबांच्या भावकीतलं होतं. दगडाचं आणि शेताचं मात्र माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. आबा पुढच्याच रांगेत बसले होते.

संडास म्हटल्यावर माणसं हसली. मोठ्यानं नाही. नुसते खांदे हलले.

मग कायद्याची पुस्तकं वाटली. माझ्यापर्यंत येईतो संपली. वाटणारा म्हणाला, तुमच्या अध्यक्षांकडून वाचून घ्या. जेवताना मात्र मला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. तिथं बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. माणसं हुशार झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, आज आपण नमुन्याची सभा भरवू. मग माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमचा विषय उत्तम आहे. तोच घेऊ."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वाटलं, आता ठराव मांडायला मला उभं करतील. रात्री मनात शब्द जुळवून ठेवले होते.

साहेबांनी आबांना अध्यक्ष केलं. ठराव मांडायचं काम दुसऱ्या गावच्या एका वकील नगरसेवकाला दिलं. भाईंना अनुमोदन द्यायला सांगितलं. आणि मला केलं अर्जदार. संडासासाठी पालिकेच्या दारात आलेली बाई.

मी म्हणाले, "सायब, मी सभासद हाय."

"अहो, ही फक्त तालीम आहे," ते म्हणाले. "अर्जदार कुणीतरी व्हायलाच हवं. तुम्हाला ते सहज जमेल."

सहज जमेल. माझ्या आईला जमायचं. आजीला जमायचं. पायरीखाली उभं राहायचं, मान खाली, पदर पुढं. साहेबांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि त्यांना ते सगळं दिसलं. मी निवडून आलेली दिसली नाही.

मी बाहेर गेले. लाज वाटते सांगायला, पण गेले. दाराशी एक शिपाई स्टुलावर बसला होता. मला बघून म्हणाला, "बाई, अर्ज द्यायचा आसंल तर पल्याडच्या हापिसात जावा." त्याचा काय दोष?

आतलं सगळं ऐकू येत होतं. वकील छान बोलला. आवाज चढवून, उतरवून. माझं पडकं भिंताड, माझं नसलेलं दार, सगळं त्याच्या तोंडी. दगडाचं तेवढं नव्हतं. ते त्याला माहीतच नव्हतं.

मला हाक आली. आत गेले. आबा टेबलामागं बसलेले. म्हणाले, मायभगिनींची अब्रू ती आपली अब्रू, या कामाला पैसा कमी पडू देणार नाही. सगळ्यांचे हात वर. ठराव एकमतानं मंजूर. टाळ्या.

हेच आबा. त्यांच्या अंगणात मी ह्याच कामासाठी गेले होते. पहिल्यांदा म्हणाले बघू. नंतर म्हणाले पैसा न्हाई. मग भेटेनासेच झाले.

"आता अर्जदार बाईंनी आभार मानायचे," साहेब म्हणाले.

माझे हात वर येईनात. ठरवून नाही. येईनातच. शुद्ध बोलायचं ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

"आबा, ह्यो ठराव आपल्या गावात कवा करताय?"

आबा हसले. "वैनी, ही तालीम हाय. खरी सभा न्हवं."

"मग आभार कशाचं मानू?"

कोणी हसलं नाही. भाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी गेले आणि तिच्यावर बसले. साहेब म्हणाले, तुम्ही शिस्त मोडताय. मी म्हणाले, "मी अर्ज घिऊन आल्याली न्हाई. निवडून आलीया. ठराव कसा मांडायचा ते मला शिकवा. तवर मी उठणार न्हाई."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि चहाची सुट्टी दिली. हॉल रिकामा झाला. भाई तेवढे बसून राहिले. चहा संपल्यावर दुसरा विषय सुरू झाला, घरपट्टीचा. मला कुणीच काही शिकवलं नाही.

निघताना मी साहेबांना पुन्हा गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, वादानं कामं होत नसतात. अध्यक्षांशी गोड बोलून करून घ्या. बायकांना ते चांगलं जमतं." एवढंच माझं प्रशिक्षण.

येताना आबांच्या जीपमधून आलो होतो. जाताना जीपमध्ये जागा उरली नव्हती. भाई आणि मी एस्टीनं परत आलो.

गावात मी मुख्याधिकाऱ्यांकडं पुस्तक मागितलं. ते म्हणाले, एकच प्रत आहे, इथं बसून वाचा. जागा दिली व्हरांड्यात, शिपायांच्या बाकावर. दुकान बंद करून भाई यायचे. कलम, पोटकलम, परंतु, तथापि. एक वाक्य पान उलटलं तरी संपायचं नाही. दोघंही अडायचो. विचारायचं कुणाला? ज्यांना पगार घेऊन शिकवायचं होतं ते गोड बोला सांगून गेले होते. कैकदा रडू यायचं. पुस्तक फेकून द्यावंसं वाटायचं. तरी एवढं कळलं की विषय लिहून द्यायचा, अनुमोदन घ्यायचं आणि मत मागायचा हक्क आपला.

विषय दिला. पहिल्या सभेत तो घेतलाच नाही. पुढच्या सभेत वेळ संपली. त्यानंतरच्या सभेत अगदी शेवटी आला, माणसं उठायच्या बेतात असताना. आबा म्हणाले, पुढं बघू.

मी म्हणाले, "मत घ्या."

"आवं वैनी, मत कशाला? आपल्यात सगळं एकमतानं चालतंय."

"माझं एकमत न्हाई. हात वर कराया सांगा त्यास्नी."

ठरावाच्या बाजूनं दोन हात. माझा आणि भाईंचा. विरोधात बाकी सगळे. एकानं हात वर केला आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. ठराव पडला. मुख्याधिकारी म्हणाले, आता काही महिने हा विषय आणता येणार नाही.

वस्तीवर आले. बायका वाट बघत होत्या. कुणी कुणी हात वर केले ते नावानिशी सांगितलं. त्यातल्या काहींनी मत मागायला आमच्याच दारात चहा घेतला होता. चुलत जाऊ म्हणाली, "मग दार कवा बसतंय?"

"न्हाई बसत," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू?

दार अजून नाही. भिंत तशीच आहे. बायका अजून अंधारात जातात. माझी मुदत संपायला अवकाश आहे आणि तोवर मी गोड बोलणार नाही. आबांच्या अंगणात जाणार नाही. महिने सरले की हाच विषय पुन्हा आणणार. पाडतील. पुन्हा आणणार. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं माझ्याकडं बघून हात वर करावा. दर वेळी. सभा कुणालाही बघता येते, हेही पुस्तकात सापडलं. वस्तीतल्या बायका सभेत मागं बसून बघतील, आणि कोणाचा हात कुठं गेला ते घरोघर सांगतील.